शब्दचर्चा: ‘एन्क्रिप्ट’ला कूटबद्ध म्हणावं की कुलूपबंद?

फोनवरच्या एका मुक्तस्रोत एन्क्रिप्शन अ‍ॅपचं मराठीकरण करतोय. ‘एन्क्रिप्ट’साठी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करण्यासाठी, ‘सांकेतिक’, ‘कूटबद्ध’, ‘कुलूपबंद’ असे तीन पर्याय हाताशी आहेत. बटणावर कोणता शोभेल? ‘पब्लिक की’चं ‘सार्वजनिक किल्ली’ही खटकतंय.

– ‘सांकेतिक’ नकोच. संकेत फुटला की संपलं. लहानपणी बोलायचो ती ‘च’ची भाषा आठवा, युक्ती कळली की गुपित उघडं. एन्क्रिप्शनचं तसं नसतं. पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी चालेल, किल्ली लागता कामा नये, हे गुप्तलेखनाचा अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच मांडलं होतं. म्हणून तर सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप किंवा ओपनकीचेन हे एन्क्रिप्शन अ‍ॅप यांचा कोड सगळ्यांसमोर ठेवूनही मजकूर गुप्त राहतो. कोड उघडा असल्याने त्यातल्या चुका धुंडाळायला चार डोळे जास्त मिळतात, हा वर फायदा. ‘सांकेतिक’ हा शब्द एन्कोडिंगसाठी राखून ठेवा. युनिकोडमध्ये ‘क’चा संकेतांक ०९१५ आहे, त्यात कोणी कोणापासून काही लपवत नाही.

– ‘कूट’ म्हटलं की मला आधी कुटलेली पूडच दिसते!

– मग ती उपमा हॅशिंगला द्या, म्हणजे मजकुराचं परत न उलटवता येणारं छोटं रूप काढण्याला. पुडीतून अख्खा दाणा परत मिळत नाही. इथे कूटप्रश्नातलं ‘कूट’ घ्यायचं, म्हणजे कोडं.

– ‘कुलूपबंद’ फोनच्या स्क्रीन लॉकशी गल्लत करेल, त्यामुळे ते बाद. मात्र ‘पब्लिक की’ला कुलूप म्हणायला हरकत नसावी. सार्वजनिक किल्ली म्हटलं की नवखा दचकतो, किल्ली कोणी वाटत सुटतं का? खरं तर तिने मजकूर फक्त बंद होतो, उघडायला खासगी किल्लीच लागते. उघडं कुलूप मित्राला द्यावं आणि त्याने पेटीला लावून दाबावं, तसं.

– छान आहे, पण डिजिटल सहीपाशी अडतं. सही खासगी किल्लीने होते आणि सार्वजनिक किल्लीने पडताळली जाते. कुलपाने सही कशी पडताळणार? शब्द ‘किल्ली’च ठेवा, कुलपाची गोष्ट मदतीच्या पानावर सांगा.

– खरा घोळ ‘फिंगरप्रिंट’चा आहे. फोनवर त्याच शब्दाने बोटाचा ठसाही येतो आणि किल्लीची ओळखही. ओपनपीजीपी या एन्क्रिप्शनच्या मानकातल्या चौथ्या आवृत्तीच्या किल्लीची ही ओळख ४० अक्षर-अंकांची असते. ‘ठसा तपासा’ असं लिहिलंत तर लोक सेन्सरवर बोट ठेवतील. ‘किल्लीची खूण’ म्हणा, आणि ‘व्हेरिफाय’ला ‘खूण पटवा’. मराठीत खूण पटतेच की! सिग्नलमधला ६० अंकी सुरक्षा क्रमांक समोरच्याशी जुळवून पाहणं हीदेखील खूण पटवणंच.

– ‘पासफ्रेज’चंही बघा. ‘परवलीचा शब्द’ रुळलेला आहे, पण इथे एकापेक्षा जास्त शब्द टाकायचे असतात. ‘परवलीचं वाक्य’ लिहिलं तर माणूस आपसूक लांब काहीतरी टाकेल.

– मूळ प्रश्नकर्ता: खूण आणि वाक्य, दोन्ही घेतले. बटणावर ‘कूटबद्ध करा’ ठेवतो. पण मग ‘डिक्रिप्ट’ला काय? ‘विकूटन’ लिहून पाहिलं, माझं मलाच वाचवेना.

– कूट म्हणजे कोडं ना? मग ‘उकला’.