विंडोज १० चा पाठिंबा संपला. सुस्थितीतले संगणक बदलावेत का?

गोदाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. पंचवटीत आमची एक छोटी विश्वस्त संस्था वाचनालय चालवते आणि त्याला जोडून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका आहे. अभ्यासिकेत बारा संगणक आहेत. सर्व इंटेलच्या सहाव्या किंवा सातव्या पिढीचे, आठ जीबी रॅमचे. एसएसडी बसवल्यापासून त्यांपैकी एकाचीही तक्रार नाही. मुले त्यांवर एमपीएससीचे आणि बँक भरतीचे अर्ज भरतात, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतात, तर काही जण मराठी टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेचा सराव करतात.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा थांबवला आणि आमची यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र ठरली. देखभालीला येणाऱ्या विक्रेत्याने बाराही यंत्रे बदलण्याचे दरपत्रक दिले आहे. तेवढ्या रकमेत वाचनालयाची काही वर्षांची पुस्तकखरेदी भागेल, म्हणून विश्वस्तांच्या बैठकीत मी मुदत मागून घेतली. २०१५ साली विंडोज १० आली तेव्हा कंपनीच्याच एका प्रतिनिधीने तिला विंडोजची शेवटची आवृत्ती म्हटले होते, हे अनेकांना आठवत असेल. न बिघडलेले यंत्र कंपनीच्या यादीत नाही म्हणून मोडीत काढावे, हे मला पटत नाही. पण मुलांचे आधार क्रमांक आणि पासवर्ड याच यंत्रांवरून जातात, त्यामुळे काणाडोळाही करवत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

सर्किटप्रेमी

पाठिंबा संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षात्रुटी यापुढे बुजवल्या जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पुरेसा गंभीर आहे. घरगुती वापरकर्त्यांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतने देऊ केली आहेत. त्यासाठी ३० डॉलर भरावेत किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप सुरू करावा. संस्थांसाठी मात्र दर वेगळे आहेत. पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि हे जास्तीत जास्त तीन वर्षे. म्हणजे एका यंत्राचे ४२७ डॉलर होतात, ज्यात साधा नवा संगणक घेता येईल. शैक्षणिक परवान्याखाली हेच दर अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलर आहेत. तुमच्या अभ्यासिकेला हा परवाना लागू होतो का, हे सर्वांत आधी अधिकृत विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या. झाला तर दरपत्रकाचा विषयच संपला.

आता अपात्रतेबद्दल. तुमच्या एखाद्या यंत्रावर आय५-७४०० असे लिहिले असेल तर वजाचिन्हानंतरचा सातचा आकडा ही त्याची पिढी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षासुविधा हवी, असे सांगितले जाते आणि लोक समजतात की ती आपल्याकडे नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांत ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, ‘पीटीटी’ या नावाने बंद करून ठेवलेली असते. ती सुरू केली की विंडोज स्वतःच आवृत्ती २.० दाखवते, आणि तरीही पात्रता तपासणारा प्रोग्राम नकार देतो, कारण अडचण प्रोसेसरच्या यादीची आहे. ही यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. स्मृतिसंरक्षणाची नवी व्यवस्था जुन्या प्रोसेसरवर जड जाते, हा कंपनीचा युक्तिवाद सहाव्या पिढीपुरता मला मान्य आहे. सातव्या पिढीत मात्र ती व्यवस्था हलकी करणारी सोय हार्डवेअरमध्येच आहे. शिवाय ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने सातव्या पिढीचा आय७-७८२०एचक्यू हा प्रोसेसर यादीत घेतला, आणि तो तिच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. स्वतःच्या महागड्या यंत्रासाठी रेषा सरकते आणि पंचवटीतल्या अभ्यासिकेसाठी सरकत नाही, याला मी तांत्रिक कारण म्हणणार नाही.

कायमसावध

सातपूरच्या एका कारखान्यात मी नेटवर्कची जबाबदारी पाहतो, त्यामुळे माझा सूर थोडा वेगळा असेल. दहा वर्षे विनामूल्य अद्यतने मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि कोणत्याही प्रणालीला कधीतरी शेवट असतोच. रेषा कुठे ओढली यावर वाद घालावा, पण त्या वादाच्या भरात यंत्रे तशीच चालू ठेवू नयेत.

मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आठवा. त्याने वापरलेली त्रुटी बुजवणारे अद्यतन मार्चमध्येच आले होते. ज्यांनी ते घातले नव्हते ती यंत्रे सापडली, आणि त्यांत विंडोज ७ ची संख्या सर्वाधिक होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या तशाच व्हायरसने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तिथे औषध उपलब्ध होते; तुमच्या यंत्रांसाठी यापुढे ते तयारच होणार नाही. अभ्यासिकेत दिवसभर कोणाचाही पेनड्राइव्ह लागतो, त्यामुळे तुमचा धोका घरच्या संगणकापेक्षा कितीतरी जास्त आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींत, फेरफार करून किंवा रुफससारख्या साधनाने तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते, असे कोणी सुचवील. ते सार्वजनिक यंत्रांवर करू नका, कारण अशा यंत्रांना अद्यतने मिळण्याची हमी कंपनी देत नाही. शैक्षणिक दराने अद्यतने मिळाली तर घ्या. नाहीतर त्या यंत्रांवरची विंडोज इंटरनेटपासून तोडा.

खिळेजुळारी

अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय आहे, म्हणून मी मराठीच्या बाजूने लिहितो. अर्ज भरणे, पीडीएफ वाचणे आणि व्हिडिओ पाहणे एवढ्यासाठी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी बसवता येणारी मुक्त प्रणाली तुमच्या यंत्रांवर उत्तम चालेल. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत आणि त्याला पैसे पडत नाहीत. पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, हार्डडिस्कला हातही लावावा लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासून असतो. केरळच्या शासकीय शाळा वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर चालतात, तेव्हा मुलांना जमणार नाही ही भीती बाळगू नका. पहिल्या आठवड्यात प्रिंटर कुठे आहे ते दहादा विचारतील, इतकेच.

अडचण जुन्या मजकुराची आहे. तुमच्या संस्थेचे कार्यअहवाल, ग्रंथसूची, सभासदांची नोंदवही श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या आज्ञावलींच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर त्या फाइलींत खरे देवनागरी नाहीच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अध्यक्षांच्या मनोगताऐवजी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हांचा गुंता दिसतो. पुष्कळ संस्था विंडोजला चिकटून राहतात त्या याच कारणाने, आणि हे ओझे मायक्रोसॉफ्टने नव्हे, आपणच युनिकोड या सर्व यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताकडे जायला केलेल्या उशिराने वाढवले आहे. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढलेला मजकूर डोळ्यांखालून घाला. रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात, विशेषतः आडनावांत.

टंकलेखनाच्या सरावासाठी मात्र लिनक्स नको. परीक्षेत ज्या आज्ञावलीत आणि ज्या कळफलकाने टंकन करायचे, त्यावरच बोटे बसली पाहिजेत. तेवढी दोन-तीन यंत्रे विंडोज १० वर ठेवा, नेटवर्कची केबल काढून.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शैक्षणिक परवान्याबद्दल लेखी विचारणा करतो. त्याचे उत्तर येईपर्यंत दोन संगणकांवर मिंट बसवून मुलांना वापरू द्यायचे आणि तीन संगणक इंटरनेट तोडून टंकलेखनासाठी ठेवायचे, असा ठराव मांडणार आहे. ग्रंथसूची आयएसएममध्येच आहे, हे आज ग्रंथपालांकडून कळले. सरावाचे उतारे त्या तीन यंत्रांवर पेनड्राइव्हने न्यावे लागतील, त्याचे काय?

कायमसावध

त्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, तो ग्रंथपालांच्या कपाटात असू द्या आणि मिंटच्या यंत्रावरूनच त्यात उतारे भरा. मुलांचे पेनड्राइव्ह त्या तीन यंत्रांना लागू नयेत म्हणून बायोसमधून पुढचे यूएसबी पोर्ट बंद करता येतात का पाहा, आणि बायोसला पासवर्ड घाला.