ग्रुपमधलं गिऱ्हाईक एकदा घेतं, परत फिरकत नाही. काय करावं?

निपाणीची_मसालेवाली
कांदा-लसूण मसाला करते, संकेश्वरी मिरचीचा. पुण्या-बेंगळूरला गेलेल्या आपल्या सीमाभागातल्या लोकांच्या फेसबुक ग्रुपांत रोज फोटो टाकते. लाइक पडतात, पहिली ऑर्डरही येते, पुढे गप्प. मसाल्याला कोणी नाव ठेवलेलं नाही. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर ऑफर टाकली तर निम्म्यांना पोचतच नाही. दर उतरवू का?

येळ्ळूरचा_तांदूळवाला
ताई, दराला हात लावू नका. ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, आणि एका यादीत 256 नंबरच बसतात. म्हणजे निम्म्यांनी नंबर ठेवलेलाच नाही. तो का ठेवावा, ते बघा की.

मी आमच्या शिवारातला बासमती विकतो. दाणा डेहराडूनसारखा लांब नसतो, पण शिजायला लागला की वास शेजारी जातो. पुण्याच्या एका वहिनींनी सगळ्यांदेखत लिहिलं, "हा बासमती नव्हेच, भात गिच्च झाला." भाऊ म्हणाला, ॲडमिनला सांगून कमेंट उडव. मी तिथंच खाली विचारलं, पाणी किती घातलं? दुप्पट. तांदूळ नवा, नुकत्याच सुगीतला, त्याला तेवढं पाणी कशाला! वाटीला दीड वाटी घालून बघा म्हटलं. मग एकेक जण आला. कोणाला जुना-नवा ओळखायचा कसा ते हवं, कोणाच्या डब्यात पोरकिडे. कडुनिंबाचा पाला वाळवून घाला, सांगितलं. त्या दिवशी विक्री शून्य. पुढच्या सुगीला वहिनींनी आपणहून विचारलं, वर जावेचीही ऑर्डर.

पावसात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरलं की तोही फोटो टाकतो. यंदा माल कमी, थांबणं जमत नसेल तर दुसरीकडे घ्या, असं सरळ लिहितो. भाऊ चिडतो. चिडू दे.

आणि भाव विचारला की भाव लिहायचा, तिथंच.

टिळकवाडी_ते_बेंगळूर
गिऱ्हाईक म्हणून बोलतो. "इनबॉक्स बघा" दिसलं की मी पुढे सरकतो. पण आपुलकीचंही सोंग नको. एक जण रोज सकाळी "दादा, नाश्ता झाला का?" पाठवायचा, मागोमाग लोणच्याचा फोटो. ब्लॉक केला. मसूर मात्र वडगावच्या एका मावशींकडूनच घेतो. ग्रुपमध्ये कोणी आमटीचं विचारलं तर त्या सांगतात, मसूर कुणाकडूनही घेतलेला असो.

निपाणीची_मसालेवाली
हे पटलं. मसाला फ्रीजात ठेवायचा की बाहेर, असं कालच एकीनं विचारलंय. तिथंच लिहिते. पण दादा, कांडप, घर, पोरं बघून हे रोज कसं जमवूलाय?

येळ्ळूरचा_तांदूळवाला
रोज कुठलं! सांजचं म्हशीची धार काढून झाली की अर्धा तास. सुगीत तेही नाही. कापणी-मळणी उरकेपर्यंत उत्तर मिळणार नाही, असं ग्रुपवर आधीच टाकून ठेवतो. मग लोकच एकमेकांना पाण्याचं माप सांगतात.