'वर्ग', 'संच' की 'गट'? ऑनलाइन संशोधन-मार्गदर्शिकांच्या मांडणीसाठी शब्द

प्रश्न :
यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाचे ग्रंथालय मी सांभाळते. आमच्या ऑनलाइन संशोधन-मार्गदर्शिका (एकेका विषयावरची माहिती आणि संदर्भ एकत्र देणारी संकेतपाने) आता बऱ्याच झाल्या असून कृषी पदवीचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आणि परिसरातील शेतकरी यांच्यासाठी त्या वेगवेगळ्या मांडायच्या आहेत. या मांडणीला 'वर्ग' म्हणावे, 'संच' म्हणावे की 'गट'? 'सानुकूलित समूह' असेही एकांनी सुचवले आहे.

उत्तर :
ताई, 'वर्ग' येथे नको. ग्रंथालयात तो शब्द पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणासाठी आणि त्यानुसार दिलेल्या क्रमांकासाठी, म्हणजे वर्गांकासाठी, रूढ झालेला आहे. ड्युई दशांश पद्धतीत कपाशीचा वर्गांक ६३३.५१ आहे, तो पुस्तकाचा विषय सांगतो, ते कोणी वाचावे हे सांगत नाही. आपली विभागणी मात्र वाचकांनुसार आहे, आणि हा फरक शब्दातून दिसला पाहिजे.

'संच' म्हटले की एकत्रच घ्यायच्या वस्तू डोळ्यांसमोर येतात, जसा प्रश्नपत्रिकांचा संच. मार्गदर्शिका तशा नसतात.

'गट' मला सर्वांत योग्य वाटतो. अशा मार्गदर्शिका तयार करण्याच्या लिबगाइड्ससारख्या संगणक-प्रणालीत एका मार्गदर्शिकेला अनेक विषय जोडता येतात, परंतु ती राहते एकाच गटात. त्या गटाला स्वतःचे मुखपृष्ठ आणि शीर्षपट्टी देता येते, तसेच तो सर्वांना खुला ठेवायचा की मोजक्यांनाच, हेही ठरवता येते. गुलाबी बोंडअळीवरील मार्गदर्शिकेला कीटकशास्त्र, कपाशी आणि पीकसंरक्षण हे तिन्ही विषय लावावेत, शोधशब्दांत 'पऱ्हाटी' हा कपाशीसाठीचा आपल्याकडचा शब्द अवश्य घालावा, पण गट एकच निवडावा. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक आणि बचत गट यांमुळे हा शब्द गावात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे उत्तर :
वरील मताशी सहमत आहे. 'सानुकूलित' हा शब्द व्याकरणाने बरोबर असला, तरी तो संगणकाच्या पडद्याबाहेर फारसा ऐकू येत नाही, आणि शेतकऱ्याने ज्या दुव्यावर बोट ठेवायचे त्या दुव्यावर तो असू नये असे मला मनापासून वाटते. सूचनापत्रकात 'वाचकांच्या गरजेनुसार केलेले गट' असे लिहावे. मुखपृष्ठावर तर 'शेतकऱ्यांसाठी', 'स्पर्धा परीक्षेसाठी' एवढेच पुरे, तेथे 'गट' हा शब्दही लागत नाही.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. पण बोंडअळीची माहिती विद्यार्थ्यांनाही हवी आणि शेतकऱ्यांनाही. गट एकच असेल, तर दुसऱ्या गटात ती कशी द्यावी, आणि त्या क्रियेला काय म्हणावे?

उत्तर :
येथे दोन क्रिया वेगळ्या आहेत, म्हणून शब्दही दोन हवेत. मजकुराची चौकट उतरवून घेतली आणि ती पुढे स्वतंत्रपणे बदलता आली, तर ती 'नक्कल'. मूळ चौकटच दुसऱ्या गटातील मार्गदर्शिकेत दिसू लागली आणि मूळ ठिकाणी केलेली दुरुस्ती दोन्हीकडे उमटली, तर ती 'जोडणी'. कीटकनाशकांच्या शिफारशी आणि मात्रा बदलत असतात. एका गटात नवी मात्रा आणि दुसऱ्यात जुनीच, असे होणे शेतकऱ्याच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे. त्यामुळे फवारणीची चौकट जोडावी, तिची नक्कल करू नये. परीक्षेचे प्रश्न, प्रात्यक्षिकाच्या सूचना असा केवळ विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा भाग त्यांच्या मार्गदर्शिकेत वेगळा लिहावा.