जॉन विंबर: बँड सोडून पाळक झालेला माणूस

पेटीवाला_नगर: सर्वांना सलाम. मी आमच्या चर्चच्या मंडळीत पेटी वाजवतो. तरुण मुलं म्हणतात, उपासनेत मध्ये निवेदन नको, गीतं सलग घ्या. ही पद्धत जॉन विंबर या अमेरिकन पाळकांची, असंही सांगतात. ते मूळचे बँडमधले होते का?

शांता_मावशी: हो भाऊ. जन्म १९३४चा, अमेरिकेतल्या मिसूरीचा. पुढे राइटियस ब्रदर्स म्हणून गाजलेल्या गायक जोडीच्या सुरुवातीच्या बँडमध्ये ते होते. संसार मोडायला आला होता. त्यातच १९६३ मध्ये ते आणि पत्नी कॅरल ख्रिस्ती विश्वासात आले, आणि त्यांनी बँडचा धंदा सोडला.

बायबल वाचून ते चर्चमध्ये विचारायला गेले की, यात लिहिलेली कामं, म्हणजे आजाऱ्यांना बरं करणं वगैरे, आपण कधी करायची? ती आता होत नाहीत, हे उत्तर पुढे त्यांना पटेनासं झालं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात स्वतःची मंडळी सुरू केली. लूकच्या शुभवर्तमानावर उपदेश करत ते आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू लागले. कित्येक महिने कोणी बरं होईना. लोक सोडून गेले, तरी यांनी प्रार्थना थांबवली नाही. मला त्यांचं हेच सर्वांत मोठं वाटतं. १९८२ मध्ये मंडळी व्हिनयार्ड या मंडळ्यांच्या गटात सामील झाली आणि पुढारीपण त्यांच्याकडे आलं. त्याच वर्षी पाळक घडवणाऱ्या फुलर सेमिनरीत तिथले प्राध्यापक पीटर वॅग्नर यांच्याबरोबर त्यांनी जो वर्ग सुरू केला, त्यात व्याख्यान संपलं की तिथेच आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना व्हायची.

गीतांचं म्हणाल तर त्यांनी स्वतः गीतं रचली, साधी, थेट देवाशी बोलणारी. वादकाने मंडळीला गाऊ द्यायचं, आपली करामत दाखवायची नाही. आपल्याला हे परकं का वाटावं? ना. वा. टिळकांची भजनं तशीच ख्रिस्ताशी बोलतात.

विनय_वसई: पण इंग्लंडमधल्या यॉर्कचे पाळक डेव्हिड वॉटसन? विंबर यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तरी १९८४ मध्ये ते कॅन्सरने गेलेच.

शांता_मावशी: गेले, आणि विंबर यांनी ते लपवलं नाही. पुढे त्यांना स्वतःलाही कॅन्सर झाला. १९९७ मध्ये वारले. आजारी माणूस बरा झाला नाही तर त्याचा विश्वास कमी पडला, असं त्याला कधी म्हणायचं नाही, ही त्यांची शिकवण होती. आपल्याकडे आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते त्या आरोग्य सभांमध्ये हे व्यासपीठावरून सांगायला हवं. पेटीवाले भाऊ, तुम्ही टिळकांची तीन भजनं एकाच पट्टीत सलग घ्या, मध्ये थांबू नका. मुलं आपोआप गातील.