अनुभव धागा: तुमच्या नाकाला काय आठवतं?

रामबाग, इंदूर

2021 चा मे महिना. करोनातून उठून चार दिवस झाले होते. दूध गॅसवर ठेवलं आणि ओट्याकडे पाठ करून मेथी निवडत बसले. मुलगी बाहेरच्या खोलीतून धावत आली, "आई, दूध करपलं ना गं!" पातेल्याचं बूड काळं झालं होतं, वास पार जिन्यापर्यंत गेलेला. मी दोन हातांवर बसलेली, आणि मला काहीच कळलं नव्हतं.

सात महिने वास नव्हता. मग आला तो भलताच. कांदा, लसूण, कॉफी, सगळ्यांना एकच कुजकट दर्प. रविवारच्या पोह्यांवर जिरावण, म्हणजे आपला इंदुरी मसाला, भुरभुरलं की मला उठून गॅलरीत जावं लागे. डॉक्टरांनी समजावलं की वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, आणि नव्या पेशींची मेंदूशी जुळणी नीट होईपर्यंत असा घोटाळा होऊ शकतो. त्यांनी व्यायाम दिला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, एकेक करून शांतपणे हुंगायचे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये ही रीत मांडली. मला त्यातला धीर असा वाटला की चारही वस्तू आपल्या घरातल्याच. लवंग पहिली परतली. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

त्या काळात माझं घर मला परकं झालं होतं. भिंती त्याच, माणसं तीच, पण लेकीच्या केसांना वास नाही, पहिल्या पावसाला नाही, उघडलेल्या कपाटाला नाही. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव लिहा, पण 'छान वास', 'घाण वास' एवढ्यावर सोडू नका. कुबट, खवट, वशट, आंबूस, करपट, मातकट, खमंग, कळकलेलं ताक... आपल्याकडे नेमके शब्द आहेत, ते वापरा. मी ते सात महिने शब्दांवरच काढले.

सुदामा नगर

मला जन्मापासून वास येत नाही. अकराव्या वर्षापर्यंत मला हे माहीतच नव्हतं. मैत्रिणी मोगऱ्याचा गजरा नाकाशी नेऊन "आहाहा" म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. फूल हातात घेतलं की असं म्हणायचं असतं, अशी माझी समजूत होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, सर्दी असेल.

लोक विचारतात, मग चव कशी लागते? जिभेचं माझं सगळं शाबूत आहे: गोड, आंबट, खारट, कडू. मिरचीचा झणका आणि पुदिन्याचा गारवाही कळतो, कारण तो वेगळ्या नसेतून मेंदूकडे जातो. पण वेलची आणि जायफळ यांतला फरक मला कधीच कळणार नाही. घास चावताना घशाच्या मागून नाकात जी वाफ चढते, तिच्यातून तुम्हाला तो कळतो. म्हणून मी जेवण दाताने जेवते. हिवाळ्यातला गराडू, म्हणजे तळलेला कंद, मला फार प्रिय आहे. वरून कुरकुरीत, आत मऊ, त्यावर लिंबू.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं द्रव्य घालतात. माझ्यासारखीला त्याचा उपयोग नाही, म्हणून आमच्या स्वयंपाकघरात गजर बसवलाय, तोही जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. घरात म्हातारी माणसं असतील, करोनानंतर कुणाचा वास गेलेला असेल, तर कृपा करून हे कराच.

सियागंज

किराण्याचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की हिंग आणि मिरचीचा खकाणा अंगावर येतो. पाच मिनिटांनी काही नाही. गिऱ्हाईक शिंकतं, मी पुडी बांधत असतो. नाक सवयीच्या वासाची दखल घेणं सोडून देतं. म्हणून खोबरं खवट झालंय का, हे मी दुकानात बसून कधी ठरवत नाही. वाटी घेऊन रस्त्यावर जातो, दोन मिनिटं थांबतो, मग हुंगतो. वडिलांनी शिकवलेलं.

राजवाड्याजवळ

विसाव्या वर्षी माझी दृष्टी गेली (हे मी फोनवर बोलून लिहितोय). खजुरी बाजार जवळ आला की जुन्या पुस्तकांचा गोडसर वास येतो. कागद जुना होताना त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाच्या नात्यातली द्रव्यं सुटतात, असं एका प्राध्यापकांनी सांगितलं तेव्हा फार आनंद झाला, कारण मी त्याला आधीपासून मनात 'बिस्किटाचा वास' म्हणत होतो. सराफा दिवसा माझ्यासाठी कोरा असतो. सोन्याला वास नाही. रात्री दुकानं मिटली की तीच गल्ली तुपाची होते, जिलबीच्या कढईपासून मी डावी-उजवी ठरवतो.

अंधांचं नाक जास्त तीक्ष्ण असतं, असं डोळस माणसं कौतुकाने म्हणतात. माझं तुमच्याइतकंच आहे. मी लक्ष देतो, एवढंच. एकदा सडकून सर्दी झाली असताना याच रस्त्यावर, रोजच्या रस्त्यावर, मी चुकलो. काठी होती, कान होते, तरी चुकलो.

लोकमान्य नगर

मी घरून श्रीखंडाच्या ऑर्डरी घेते. एकदा केशर संपलं होतं, म्हणून निम्म्या श्रीखंडात नुसता पिवळा रंग घातला आणि घरच्यांपुढे दोन वाट्या ठेवल्या. सासूबाईंसकट सगळे पिवळ्या वाटीला म्हणाले, केशराचा वास काय सुरेख आलाय! मला आधी त्यांना फसवल्यासारखं वाटलं. पुढे वाचलं की फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 जणांना पांढरी वाइन लाल रंगवून दिली, तर त्यांनी तिच्या वासाला लाल वाइनचे शब्द वापरले. तो अभ्यास 2001 मध्ये छापून आला. म्हणजे डोळा नाकाच्या आधी बोलून मोकळा होतो. तेव्हापासून मी नवा पदार्थ डोळे मिटून हुंगते.

मालवा मिल परिसर

आमचे बाबा गिरणीत होते. 1991 मध्ये गिरणी बंद झाली तेव्हा मी आठवीत. त्यांच्या सदऱ्याला कापसाच्या धुळीचा, मशीनच्या तेलाचा आणि घामाचा मिळून एक वास असायचा. आई तो सदरा वेगळा भिजत घालायची. मला तो आवडायचा, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

बाबा जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या वर्षी शिलाई मशीन दुरुस्तीला टाकायला गेले. त्या छोट्या दुकानात कापडाचे तंतू उडत होते, तेलाची कुपी उघडी होती. मला एकदम रडू फुटलं. दुकानदार घाबरला, म्हणाला, "काय झालं ताई?" मला सांगता येईना, कारण मलाच माहीत नव्हतं. रडू आधी आलं, बाबा नंतर आठवले.

भाचा डॉक्टरकी शिकतो. तो म्हणाला, मावशी, दिसलेलं आणि ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं, वास मात्र भावना आणि आठवणी जिथे असतात त्या भागांपाशी थेट पोचतो. खरं असणार. मी आता मशीनला स्वतःच तेल घालते, महिन्यातून एकदा.

रामबाग, इंदूर

ताई, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ. माझ्या नाकाला अजून फोडणीतला हिंग आलेला नाही. बाकी जवळजवळ सगळं आलं.

नारायण बाग

आईला कापूर कळेनासा झाला, त्याला आता नऊ वर्षं झाली. आम्ही वयावर घातलं. पुढे हात थरथरू लागले आणि पार्किन्सन्स निघाला. डॉक्टर म्हणाले, या आजारात वास कधीकधी कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधी जातो. वास गेला म्हणजे हाच आजार असं मुळीच नाही, पण कारण न कळता गेला तर दाखवून घ्या. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न यांना नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला निदानाच्या कितीतरी वर्षं आधी जाणवला होता. त्यांच्या नाकावरून संशोधकांनी त्वचेच्या तेलात या आजाराच्या खुणा शोधायला सुरुवात केली.

आई अजून रोज दिवेलागणीला उदबत्ती लावते. काडी मी पेटवून देतो. मग ती विचारते, "आज कुठली रे?" मी सांगतो, केवडा. ती थोडा वेळ डोळे मिटून बसते.