महाभियोगासाठी रस्त्यावर उतरणं: नागरिकांचं काम की संसदेवर दडपण? (दक्षिण कोरिया)

सुमेधा_क

दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांना तिथल्या घटना न्यायालयाने ४ एप्रिल २०२५ रोजी आठ विरुद्ध शून्य मतांनी पदावरून दूर केलं. आपल्याकडे त्यावर जे लिहिलं गेलं त्यात न्यायालयाचं कौतुक भरपूर होतं, लोक मात्र फोटोपुरतेच. मला हे खटकतं. महाभियोगाचा ठराव करणं संसदेचं काम आहे, त्यावर अंतिम निकाल घटना न्यायालय देतं. पण संसद टाळाटाळ करत असेल तर तिला ते करायला लावणं हे नागरिकांचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास युन यांनी टीव्हीवरून मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर केला. सैनिक संसदेत शिरले. बाहेर जमलेल्या लोकांनी लष्करी गाड्या अडवल्या, आत कर्मचाऱ्यांनी दारांना फर्निचर लावलं, सभापती वू वॉन-शिक कुंपण चढून आत पोचले. रात्री एकच्या सुमारास १९० विरुद्ध शून्य मतांनी मार्शल लॉ उठवण्याचा ठराव झाला.

पण माझा मुद्दा पुढच्या आठवड्याचा आहे. महाभियोगाला ३०० पैकी २०० मतं लागतात. विरोधी बाजूकडे १९२ होती, म्हणजे सत्ताधारी, म्हणजे युन यांच्याच, पक्षातले आठ जण हवे होते. मतदान गुप्त असतं, त्यामुळे आत बसून कुणी वेगळं मत दिलं असतं तर नाव कळलं नसतं. म्हणून ७ डिसेंबरला पक्षाने जवळजवळ सगळ्या खासदारांना सभागृहाबाहेर काढलं. जो आत राहील तो आपोआप उघडा पडणार होता! विरोधी गटनेत्याने गैरहजर खासदारांची नावं एकेक करून पुकारली, सभापती रात्री नऊनंतरपर्यंत थांबले. तीन जण सोडून कुणी मत द्यायला आलं नाही. १९५ मतं पडली आणि ठराव बारगळला. संसदेबाहेर कडाक्याच्या थंडीत लाखभराहून जास्त माणसं उभी होती. दुसऱ्या दिवसापासून लोक पुन्हा येत राहिले. १४ तारखेला तेच सभागृह, तेच ३०० खासदार, आणि ठरावाच्या बाजूने २०४ मतं.

हे लोकांशिवाय झालं असतं असं कुणाला वाटतं का?

सातारकर_वकील

मला वाटतं. निदान तुम्ही म्हणता तितकं श्रेय गर्दीला देता येणार नाही.

"तेच सभागृह, तेच खासदार" हे खरं, पण मधल्या आठवड्यात पुरावा बदलला. १० डिसेंबरला विशेष दलाच्या सेनापतीने संसदीय समितीसमोर सांगितलं की दारं फोडून आतल्या खासदारांना बाहेर ओढायचा आदेश खुद्द राष्ट्राध्यक्षांचा होता. ७ तारखेला माफी मागणाऱ्या युन यांनी १२ तारखेच्या भाषणात मार्शल लॉचं समर्थन केलं. त्याच दिवशी त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष हान डोंग-हून महाभियोगाच्या बाजूने आले. साक्ष, आरोपीचं स्वतःचं वक्तव्य आणि पक्षातली फूट, या तीन गोष्टींनी मतं हलली. एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं ठरत नाही.

शिवाय महाभियोग ही अर्धन्यायिक प्रक्रिया आहे. न्यायालयाबाहेर जमाव जमवून निकाल मागितलेला आपल्याला चालेल का? मग आरोप ठेवणाऱ्या सभागृहाबाहेर तो का चालावा?

हर्षद_सुवॉन

मी गेली काही वर्षं सोलजवळच्या सुवॉनमध्ये नोकरी करतो. परदेशी माणसाने राजकीय कामात भाग घ्यायला इथे कायद्याने मनाई आहे, म्हणून मी कुठल्याही सभेत उभा राहिलो नाही. पण ऑफिसातले सहकारी जात होते.

"जमाव" हा शब्द मला पटला नाही. मुली पॉप गायकांच्या मैफलीतल्या रंगीत लाइट-स्टिक घेऊन जात. जे जाऊ शकत नव्हते ते संसदेजवळच्या कॅफेत आधीच पैसे भरून ठेवत: अमुक नाव सांगा आणि कॉफी घ्या. २०१६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या विरोधात लोक मेणबत्त्या घेऊन बसले, तेव्हा त्यांच्या पक्षाचा एक खासदार म्हणाला होता की वारा आला की मेणबत्ती विझते. पुढच्या शनिवारी लोक एलईडीच्या मेणबत्त्या घेऊन आले. तेव्हाही ९ डिसेंबरला महाभियोगाच्या बाजूने २३४ मतं पडली ती सत्ताधारी पक्षातले कितीतरी खासदार वेगळे झाले म्हणूनच.

एक मात्र सांगायला हवं. युन यांच्या बाजूनेही मोठ्या सभा होत होत्या, राष्ट्रध्वज आणि अमेरिकेचे झेंडे घेऊन. तेही नागरिकच.

प्राजक्ता_पुणे३०

हर्षद यांचं शेवटचं वाक्य धरूनच लिहिते. १९ जानेवारी २०२५ ला युन यांच्या अटकेचा हुकूम निघाला आणि समर्थक सोलच्या पश्चिम जिल्हा न्यायालयात घुसले, काचा फोडल्या, पोलिसांना मारलं. त्यांनाही वाटत होतं की आपण देश वाचवतोय. "लोकांचा रेटा" हा निकष मान्य केला तर कुठला रेटा चांगला आणि कुठला वाईट, हे कोण ठरवणार?

दुसरं, मार्शल लॉ येण्याच्या पाच महिने आधीच युन यांच्या महाभियोगाच्या ऑनलाइन याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. तेव्हा त्यांनी सैन्य बाहेर काढलं नव्हतं. बऱ्याच लोकांना ते नकोसे झाले होते, एवढंच. राष्ट्राध्यक्ष नकोसा होणं आणि महाभियोगास पात्र होणं यात फरक आहे. नकोसा झाला तर पुढच्या निवडणुकीत पाडा.

आणि हे हत्यार एकदा हाती आलं की म्यानात जात नाही. गृहमंत्री, लेखापरीक्षण मंडळाचे अध्यक्ष, सरकारी वकील, शेवटी हंगामी राष्ट्राध्यक्ष हान डक-सू, सगळ्यांवर संसदेने महाभियोग आणला आणि घटना न्यायालयाने ते फेटाळले. युन यांना काढणाऱ्या निकालातसुद्धा न्यायालयाने संसदेला सुनावलं आहे की तिने संवाद आणि तडजोडीचा प्रयत्न करायला हवा होता.

सुमेधा_क

प्राजक्ता, त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे. संसद मार्शल लॉ उठवण्याचा ठराव इतक्या लवकर करू शकली ती नागरिकांच्या प्रतिकारामुळे आणि सैनिक-पोलिसांनी हात राखून काम केल्यामुळे, असं न्यायालयाने स्वतः नोंदवलं. हे श्रेय मी देत नाही, न्यायालय देतं.

कुठला रेटा चांगला, हे ठरवायला अवघड नाही. संसदेसमोर उभं राहून मत मागणं एका बाजूला आणि न्यायालयाच्या काचा फोडणं दुसऱ्या बाजूला. माझ्या बाजूच्या लोकांनाही हाच नियम. ७ तारखेनंतर एका खासदाराच्या घराबाहेर कटर आणि निषेधाचा फलक ठेवलेला सापडला. ती दहशत आहे, तिचं समर्थन मी करणार नाही.

संसदेने हत्यार वाटेल तसं वापरलं हे मान्य. पण त्यावरही लगाम लोकांचाच. २००४ आठवा. १२ मार्चला संसदेने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांच्यावर १९३ विरुद्ध २ मतांनी महाभियोग आणला, निवडणुकीत तटस्थता न पाळल्याच्या कारणावरून. तेव्हा लोक मेणबत्त्या घेऊन महाभियोगाच्या *विरोधात* रस्त्यावर आले. महिनाभरात निवडणूक झाली, रोह यांच्या बाजूच्या पक्षाला २९९ पैकी १५२ जागा मिळाल्या, आणि मे महिन्यात घटना न्यायालयाने महाभियोग फेटाळला. नागरिक नुसते "काढा काढा" ओरडत नाहीत.

वकीलसाहेब, साक्षीचा मुद्दा बरोबर आहे. पण ७ तारखेचा ठराव बारगळल्यावर सगळे घरी गेले असते, तर १० तारखेच्या साक्षीने पक्ष फुटला असता का? मला नाही वाटत. साक्ष ऐकल्यावर खासदाराला आधी मतदारसंघ आठवतो.

भाऊ_नेवासा

आमच्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांशांनी अविश्वास आणला, तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. गावाला विचारल्याशिवाय सरपंच जात नाही. कोरियात ती सोय नाही, म्हणून लोक रस्त्यावर येतात. यात वावगं काय?

सातारकर_वकील

भाऊ, तुमच्या उदाहरणात गावाला *मत* आहे, आणि ते मोजलं जातं. रस्त्यावरची माणसं कुणी मोजत नाही. आयोजकांचा आकडा एक, पोलिसांचा दुसरा, आणि जो घरी बसला त्याचं मत कुठेच येत नाही. माझा आक्षेप नेमका हाच आहे.

तरी सुमेधाताईंच्या शेवटच्या प्रश्नावर मला विचार करावा लागेल. कारण आपल्याकडे ११ मे १९९३ ला लोकसभेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या महाभियोगाच्या प्रस्तावाला १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि तरी तो पडला, कारण काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले. चौकशी समितीने ठपका ठेवलेला होता, पुरावा समोर होता. बाहेर लाखभर लोक मात्र नव्हते. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.