हेडफोनची उजवी बाजू येते-जाते: नुसती पिन बदलू की पूर्ण वायर? (कोल्हापूर)

रंकाळ्याकाठी

नमस्कार मंडळी. कान पूर्ण झाकणारा वायरवाला हेडफोन आहे. वायर फक्त डाव्या कपात शिरते, पिन ३.५ मिमी, माईक नाही. उजव्या बाजूचा आवाज मध्येच जातो. पिनेच्या बुडाशी वायर एका कोनात वाकवून धरली की येतो, सोडली की गायब. फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर तसंच होतं, त्यामुळे सॉकेटचा दोष नसावा.

जवळ २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, पेस्टची डबी आणि साधा पिवळा मल्टीमीटर आहे. एका टाकाऊ इयरफोनच्या वायरवर सराव केला, पण तारेला सोल्डर धरतच नाही, गोळी होऊन घरंगळतं. पिन बदलून भागेल का? कोणती घ्यावी? आणि सोल्डर का धरत नाही?

कथील_राळ

भावा, आधी कटर बाजूला ठेव. मीटर लावल्याशिवाय वायर कापायची नाही.

मीटर २०० ओहमवर ठेव. पिन कशातही न खोचता मोकळी हवी. तीन कड्यांच्या पिनेचं टोक म्हणजे डावी बाजू, मधली कडी म्हणजे उजवी, आणि वायरीकडचा लांब भाग म्हणजे दोघांची मिळून एकच ग्राउंड. टोक ते ग्राउंड आणि कडी ते ग्राउंड हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला पाहिजेत. पोर्टेबल हेडफोनमध्ये ते बहुतेक १६ ते ३२ ओहमच्या आसपास असतात. स्टुडिओतल्यांचे जास्त: सोनीच्या एमडीआर-७५०६ चा इम्पिडन्स (एसी रोध) ६३ ओहम, सेनहायझर एचडी ६०० चा ३०० (तसल्याला मीटर २००० ओहमवर ठेवावा लागतो). मीटरवर त्याहून जरा कमी दिसतं, कारण मीटर फक्त डीसी रोध मोजतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो आधी वजा कर.

मीटरवर डावीकडे नुसता १ आला (एक ओहम नव्हे, आकडा रेंजबाहेर गेल्याची खूण) तर तार तुटली आहे. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. आकडा बरोबर येतो पण वायर हलवली की नाचतो, तर तार तुटायला आली आहे. प्रोब टेकवताना कानात बारीक ‘टक्’ ऐकू येतो, कोणती बाजू जिवंत आहे ते त्यावरूनही कळतं.

मग डाव्या कपाची गादी काढ, स्क्रू काढ आणि आत बघ. वायर एका छोट्या पट्टीवर सोल्डर केलेली असते. तिथून दोन तारा डाव्या ड्रायव्हरला (कपातल्या छोट्या स्पीकरला) जातात आणि दोन डोक्यावरच्या पट्टीतून उजव्या कपात. ही सोल्डरची छोटी पट्टी म्हणजे रस्त्यातला मधला थांबा. तिथे उभं राहून दोन्ही बाजूंना मोजलंस की दोष पिनेकडे आहे की डोक्यावरच्या पट्टीकडे ते लगेच कळेल. पिनेची कडी ते छोट्या पट्टीवरची लाल (उजवीची) तार: एक-दीड ओहमच्या आत यायला हवं. पट्टीवरची लाल तार ते ग्राउंड: उजव्या ड्रायव्हरचा आकडा यायला हवा. हे दुसरं माप घेताना हेडफोनची डोक्यावरची पट्टी लांब-आखूड कर आणि कप फिरवून बघ. हे लोक हमखास विसरतात.

उद्यमनगरकर

सोल्डर न धरण्याचं कारण सांगतो. हेडफोनच्या बारीक वायरींत तारांवर प्लास्टिकचं आवरण नसतं, रंगीत वार्निश असतं. लाल, हिरवा, निळा आणि तांब्याचा रंग दिसतो तो त्या वार्निशचा. तांब्याच्या रंगाची तारसुद्धा बऱ्याचदा उघडी नसते, तिच्यावर पारदर्शक वार्निश असतं. वार्निश जळल्याशिवाय सोल्डर धरणार नाही. शिवाय ताणाला टिकावं म्हणून मध्ये नायलॉनसारखे धागे गुंफलेले असतात, तेही आड येतात.

पद्धत अशी. बाहेरचं आवरण १५ मिमी सोला. धागे वेगळे करून मुळाशी कापा. तारेला पीळ द्या. आयर्नच्या टोकावर ताज्या सोल्डरचा टपोरा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्या थेंबात ३-४ सेकंद बुडवून धरा. थोडा धूर येईल, वार्निश काळं होऊन वर तरंगेल. टोक पुसा, ताजा थेंब घ्या, पुन्हा बुडवा. तार चहूबाजूंनी चांदीसारखी झाली की झालं. हा धूर श्वासात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवून पंखा बाजूने सोडा.

लायटरने जाळतात तेही चालतं, पण क्षणभरच. जास्त धरलं तर तांबं काळं पडतं आणि ठिसूळ होतं, मग पॉलिश पेपरने घासताना तुटतं.

पेस्टबद्दल: डबी पत्र्याच्या कामाची असेल तर वापरू नका. तिच्यातलं आम्ल जोडात राहतं आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तारा हिरव्या पडून सडतात. राळेची पेस्ट घ्या किंवा राळ भरलेली सोल्डर वायर, ६०/४० किंवा ६३/३७ (कथील/शिसं), ०.८ मिमी किंवा त्याहून बारीक.

रंकाळ्याकाठी

धन्यवाद दादा! कप उघडला. आत रंग लाल, हिरवा आणि दोन तांब्याचे.

टोक ते ग्राउंड: ३१.
कडी ते ग्राउंड: १, पिनेजवळ वायर दाबली की ३२.
पिनेची कडी ते पट्टीवरची लाल: १, दाबली की ०.९.
पट्टीवरची लाल ते ग्राउंड: ३२ स्थिर. पण हेडफोनची पट्टी पूर्ण लांब केली की १ होतं, परत आत घेतली की ३२.

म्हणजे दोन ठिकाणी तुटलं आहे का?

कथील_राळ

होय, दोन्हीकडे. पिनेच्या बुडाशी एक आणि डोक्यावरच्या पट्टीच्या सरकत्या भागात दुसरा. नुसती पिन बदलली असतीस तर चार दिवसांनी उजवी बाजू पुन्हा गेली असती आणि तू नव्या जोडावर संशय घेत बसला असतास. पूर्ण वायर मात्र बदलू नकोस, पिनेपासून चार बोटं सोडली तर ती चांगली आहे.

आधी पट्टीचं काम कर. उजवा कपही उघड. जुन्या दोन तारा सहसा खेचून निघतात. काढण्याआधी त्यांच्या टोकाला मजबूत दोरा बांध, म्हणजे त्याच दोऱ्याने नव्या तारा ओढून घेता येतील. नवी तार बहुपदरी आणि लवचिक हवी, ३० गेजची सिलिकॉन आवरणाची उत्तम. एकपदरी तार घालू नकोस, सरकत्या जागी ती थोड्याच वेळा वाकून तुटते. लांबी मोजताना पट्टी पूर्ण बाहेर काढ आणि वर ३ सेंमी सैल ठेव. मूळ तार तुटली ती बहुधा याच कारणाने: सैल कमी, दर वेळी ताण तिच्यावर.

ड्रायव्हरच्या मागच्या टिकल्यांवर आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नकोस. कॉइलची केसासारखी तार तिथेच येऊन चिकटलेली असते, ती निसटली तर ड्रायव्हर कामातून गेला. आणखी एक: आयर्नच्या टोकावर लोखंडाचा मुलामा असतो आणि ड्रायव्हरचं चुंबक ते ओढून घेतं. हात टेबलावर टेकवून काम कर, नाहीतर टोक थेट पडद्यात घुसेल.

उद्यमनगरकर

आता पिन. धातूचं फिरकीचं टोपण असलेली, आत वायर आवळायला पाकळ्या असलेली घ्या. न्यूट्रिक कंपनीच्या रीन ब्रँडची एनवायएस २३१ मिळाली तर डोळे मिटून घ्या. शाहूपुरी-राजारामपुरीकडे पार्ट्सच्या दुकानांत विचारताना ‘स्टिरिओ, तीन कड्यांची’ असं स्पष्ट सांगा. जाताना वायरचा तुकडा आणि फोनचं कव्हर न्या. जाड टोपणाची पिन कव्हरच्या भोकात पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेल्या पिनेने एकच बाजू वाजते. मग दुरुस्ती बरोबर असूनही चुकल्यासारखी वाटते.

जुन्या पिनेमागे ४ सेंमी सोडून कापा. कापलेल्या टोकाशी तांबं काळं-हिरवं दिसलं तर लखलखीत तांबं लागेपर्यंत अजून कापा.

पुढची पायरी ठळक लिहितो, कारण सगळे इथेच चुकतात: सोल्डर करण्याआधी टोपण, आतली प्लास्टिक नळी आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) वायरीत ओवून घ्या. नंतर ओवता येत नाही, जोड उकलावा लागतो.

पिनेच्या आतल्या पायांपैकी पाकळ्यांचा लांब पाय ग्राउंड. दोन छोट्यांपैकी कोणता टोकाचा आणि कोणता कडीचा हे डोळ्यांनी ठरवू नका, मीटरच्या बझरवर बघा. हिरवी टोकाला, लाल कडीला, दोन्ही तांब्याच्या एकत्र पिळून ग्राउंडला. पायांवर आधी सोल्डर चढवा, तारांवर चढलेलंच आहे. मग दोन्ही एकमेकांना लावून एक सेकंद आयर्न टेकवलं की बस्स. सोल्डर गोठेपर्यंत हलवायचं नाही, हललं की जोड दाणेदार, निस्तेज होतो. त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात, आणि तो महिन्याभरात खरखरायला लागतो.

जास्त तापवलं तर कड्यांमधलं प्लास्टिक मऊ होतं आणि टोक वाकडं बसतं. यावर उपाय म्हणून पिन एखाद्या टाकाऊ सॉकेटमध्ये खोचून काम करा. कड्या सरळ राहतात आणि उष्णताही ओढली जाते.

पाकळ्या वायरच्या बाहेरच्या आवरणावर आवळा, तारांवर नव्हे. ओढ आवरणावर आली पाहिजे, जोडावर कधीच नाही. फेविक्विकचा थेंब टाकून घट्ट करू नका. ते तारांच्या पदरांत झिरपतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि कडक जिथे संपतो तिथे तार तुटते.

कळंबा_रोड

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे माईकवाला इयरफोन आहे, चार कड्यांचा. आवाज दोन्ही बाजूंना येतो पण पोकळ. वाद्यं ऐकू येतात, गाणाऱ्याचा आवाज मात्र दूर विहिरीतून आल्यासारखा. जुनी गाणी तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. ड्रायव्हर गेले का?

मोनो_स्टिरिओ

ड्रायव्हर ठणठणीत आहेत, ग्राउंड तुटलं आहे. ग्राउंड गेलं की दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांना मिळतो तो डाव्या-उजव्यातला फक्त फरक. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, त्यामुळे तो वजा होतो. तुम्ही म्हणता ती जुनी गाणी मोनो असणार. मोनोमध्ये दोन्ही बाजू एकच, फरक शून्य, म्हणून शांतता. मीटरने खात्री करा: टोक ते पहिली कडी मोजलं तर दोन्ही ड्रायव्हरांची बेरीज येईल, साधारण ६४, आणि ग्राउंडशी मोजलं तर काहीच नाही.

आजच्या बहुतेक फोनच्या चार कड्यांच्या पिनेत क्रम असा: टोक डावी, पहिली कडी उजवी, दुसरी कडी ग्राउंड, बुडाचा भाग माईक. काही जुन्या फोनांत शेवटचे दोन उलट असतात, त्यामुळे चांगला इयरफोनही चुकीच्या फोनवर असाच पोकळ वाजतो. कापण्याआधी दुसऱ्या फोनवर लावून बघाच.

रंकाळ्याकाठी

दोन्ही कामं झाली. आता टोक ते ग्राउंड ३१, कडी ते ग्राउंड ३२, कसंही वाकवलं, पट्टी लांब केली तरी आकडा हलत नाही. दोन्ही बाजू वाजतात. पण बेस पातळ झाला आहे, आणि आवाज डोक्याच्या मध्ये न येता दोन्ही कानांबाहेर पसरल्यासारखा वाटतो. पिनेत चूक झाली का?

मोनो_स्टिरिओ

पिन बरोबर आहे. उजव्या ड्रायव्हरवरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, म्हणून खर्ज पातळ वाटतो. मीटरवर हे दिसत नाही, कारण रोध दोन्हीकडून सारखाच. ड्रायव्हरच्या एका टिकलीशेजारी ठिपका किंवा अधिकची खूण असते, लाल तार तिथे हवी. डाव्या ड्रायव्हरवर हिरवी कुठे आहे ते बघून ताडून घ्या. मग कुठलंही मोनो गाणं लावा: गाणाऱ्याचा आवाज दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये एका बिंदूवर यायला हवा.

रंकाळ्याकाठी

खूण होती, लाल तार दुसऱ्या टिकलीवर लागली होती. अदलाबदल केली, आवाज मध्ये आला आणि बेस परतला. कप बंद करण्याआधी अजून काही?

कथील_राळ

डाव्या कपात वायर शिरते तिथे आतल्या बाजूला गाठ आहे का बघ. नसेल तर छोटा केबल टाय आवळ आणि शेपूट कापून टाक, म्हणजे बाहेरून हिसका बसला तरी ताण पट्टीवरच्या सोल्डरपर्यंत जाणार नाही. ड्रायव्हरमागे कापूस किंवा फोम असेल तर होता तसाच परत ठेव, त्याच्याशिवाय खालचा आवाज बदलतो. स्क्रू हलक्या हाताने पिळ, प्लास्टिकचे आटे एकदा गेले की परत धरत नाहीत. आणि वापरून झाल्यावर वायर फोनभोवती गुंडाळू नकोस, तळहाताएवढं सैल वेटोळं करून ठेव.